पडणाऱ्या माणसाचं वजन

तात्या विहिरीत पडला त्या वर्षाबद्दल मी आजवर कुणाशी फारसं बोलले नाही. पस्तीस वर्षं सांगलीत पोरींना भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी गुरुत्वाकर्षणाचा धडा आला आणि दरवर्षी मी झाडाखाली बसलेल्या इंग्रजाची गोष्ट न सांगता थेट फळ्यावर सूत्र लिहिलं. पोरी मागं म्हणायच्या, बाई रुक्ष आहेत. असतील. आता शिकवणं संपलं, गुडघे संपत आले, अर्धं पान लिहिलं की मान भरून येते. तरी एवढं लिहून ठेवते. पुढं जमेल याचा भरवसा नाही.

आमचं घर माण तालुक्यात, दहिवडीपासून तीन मैलांवर, माळावर एकटंच. तीन खण, वर पत्रा, पुढं काटेरी कुंपणातली चाळीसेक मेंढरं. उजाडायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची, ती थांबली की आईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा आवाज, मग मेंढरांची ओरड, आणि उन्हं वर आली की लांबून कुठून तरी घणाचा ठोका. तो ऐकून आई म्हणायची, "भावजी आज खडकाला लागल्यात." भावजी म्हणजे तात्या, माझा धाकटा चुलता. विहिरी खोदणाऱ्या सहा माणसांच्या टोळीचा तो म्होरक्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा यायचे आणि पाहुण्यासारखे राहून जायचे. त्यामुळं घरात बापाची जागा तात्यानंच भरलेली, पण त्याला आम्ही अरे-तुरे करायचो. बत्तिशीचा होता. लग्न व्हायचं होतं, म्हसवडकडची एक मुलगी बघून ठेवली होती. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत मुरमाची पांढरी धूळ. हातपाय धुवायला त्याला एक तांब्या मिळायचा, जास्त नाही, कारण आमचं पिण्याचं पाणी दीड मैलावरून डोक्यावर यायचं. मग चुलीपुढं बसून हुलग्याचं गरम माडगं फुंकर घालत प्यायचा. त्याचा तो फुर्र आवाज आईला आवडायचा नाही, मला आवडायचा.

त्याची एक विद्या पंचक्रोशीत माहीत होती. कुठल्याही विहिरीच्या काठावर उभा राहून तो खडा सोडायचा, कान द्यायचा आणि सांगायचा, "सात पुरुस." पुरुष म्हणजे एका माणसाची उंची, विहिरीची खोली आमच्याकडं अशीच मोजत. दोरी सोडून बघितलं तर सातच निघायचे. मी लहानपणी त्याच्यासारखं करायला जायची आणि चुकायची. खोली दुप्पट असेल तर आवाजालाही दुप्पट वेळ लागेल, असं मला वाटायचं. तो हसायचा. "न्हाई गं शाले. दगुड खाली जाईल तसा पळाया लागतोय. येळ दुप्पट लागला, तर खोली चौपट धरायची."

अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, आम्हाला माळी सर आले. सर पलूसचे, ऊसवाल्या घरातले. हिरव्यातून आमच्या कोरड्यात बदली झालेली, त्यात दमा. खडूची धूळ उडाली की वर्गाबाहेर जाऊन खोकायचे आणि आत येऊन तुटलेल्या वाक्यापासून पुढं सुरू करायचे. वर्गात पोरी आम्ही तिघीच. सरांची एक सवय होती, शास्त्रज्ञांची नावं ते कधी घ्यायचे नाहीत. "नावं पुस्तकात हाईत, परीक्षेपुरती पाठ करा. तो मानूस काय करत होता तेवढं ऐका." गुरुत्वाकर्षण त्यांनी असंच सुरू केलं. एका मोठ्या पंडितानं सांगितलं की जड वस्तू लवकर पडते, हलकी उशिरा, आणि दोन हजार वर्षं लोकांनी ते खरं मानलं. मग इटलीत एकाला शंका आली. पण पडणारी वस्तू डोळ्याला सापडत नाही, म्हणून त्यानं उतरती फळी केली आणि तिच्यावरून गोळे सोडले. घड्याळ तर नव्हतंच. एका भांड्यातून बारीक धारेनं पाणी सोडायचा आणि गोळा खाली पोचेपर्यंत किती पाणी पडलं त्याचं वजन करायचा. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, हे त्याला असं सापडलं.

मी हात वर केला. "सर, हे आमच्या तात्याला माहीत आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी तीन मैल चालत, दम खात, ते आमच्या माळावर आले. तात्यानं त्यांना शेजारच्या विहिरीवर नेऊन खडा सोडून दाखवला. सरांनी मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून टिकटिक मोजली, वहीत गणित मांडलं, आणि मग वही मिटून काठावर बसूनच राहिले.

"तात्या, हे कळायला जगाला दोन हजार वर्षं लागली."

"आवं सर, त्यास्नी विहिरी खांदायच्या नसतील," तात्या म्हणाला, आणि आईला चहा टाकायला सांगायला गेला.

त्यानंतर सरांच्या डोक्यात लंबक शिरला. शाळेमागं एक कोरडी विहीर होती, नऊ पुरुष खोल. तिच्यात लांब लंबक सोडायचा, झोक्याची वेळ मोजायची, आणि पृथ्वी किती जोरानं ओढते तो आकडा आपण स्वतः काढायचा, पुस्तकातला घ्यायचा नाही. पण एवढी लांब, न ताणली जाणारी दोरी आणायची कुठून? मी उठून सांगितलं, आमच्याकडं घायपाताचा नवा सोल आहे. सोल म्हणजे जाड दोर. तात्यानं नुकताच वळून घेतला होता. खरं सांगायचं तर सरांना दोरी मिळावी यापेक्षा, हसलेल्या त्या वर्गाला आमच्या घरची वस्तू दिसावी, ही माझी इच्छा जास्त होती. तात्याला विचारलं तेव्हा तो भाकरी मोडत होता. "ने की. एक दिस जुन्यावर भागतंय," म्हणाला.

सोलाच्या टोकाला वाण्याकडचं पाच किलोचं वजन बांधून आम्ही तो विहिरीत सोडला. एका झोक्याला जवळजवळ आठ सेकंद लागायचे. इतकी सावकाश हलणारी गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती. पण नवा सोल पीळ सोडत होता, वजन गरगरायला लागलं, मोजणी फसली. सर म्हणाले, "सोल आज तसाच लोंबू दे, पीळ निघंल. उद्या परत करू." मी हो म्हटलं. संध्याकाळी तात्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी वजन सरळ हललं. वीस झोके, पुन्हा वीस झोके. सरांनी जमिनीवर काडीनं गणित केलं आणि आकडा आला तो पुस्तकातल्या आकड्याला इतका चिकटून की पोरं ओरडली. सर मला म्हणाले, "शालन, आता हाच आकडा घेऊन चंद्रापर्यंत जायचं हाय." मी सोलाची गुंडाळी डोक्यावर घेऊन निघाले. ओझं जड होतं, पण तीन मैल कसे सरले कळलं नाही.

माळ चढून आले तर तात्याची टोळी खोदत होती त्या नव्या विहिरीच्या काठावर माणसं जमली होती. विहिरीवर यारी उभी होती, म्हणजे दांड्यानं फिरवायचा मोठा रहाट. माती आणि माणसं तिच्यावरूनच डोलात, म्हणजे मोठ्या लोखंडी बादलीत, वर यायची. दिवसाचं काम संपवून तात्या सगळ्यांच्या मागं वर येत होता. जुना सोल तुटला. तीन पुरुष उंचीवरून तो खालच्या मुरमाच्या ढिगावर पडला. त्याला बाजेवर बांधून वर काढायचं चाललं होतं, आणि त्यासाठी माणसं दोर शोधत होती. माझ्या डोक्यावरचा सोल कुणीतरी ओढून घेतला. त्याच नव्या सोलानं तात्या वर आला.

कुणी काही म्हणालं नाही. आईनंही नाही. माझ्याकडं बघायचंच तिनं टाळलं, आणि तात्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसत राहिली.

साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलेलं. पायाला पट्ट्या बांधून दोरी पलंगाच्या टोकाच्या कप्पीवरून खाली सोडली होती आणि दोरीला विटा टांगल्या होत्या. असं दोन महिने पडून राहायचं. आईला मेंढरं सोडून येता येईना, दादांना रजा मिळेना, म्हणून त्याच्यापाशी मी राहिले. भांडं देणं, अंग पुसणं, औषध आणणं, पलंगाखाली चटईवर झोपणं. आईनं बांधलेली भाकरी आणि मटकीची उसळ एसटीच्या ड्रायव्हरबरोबर यायची, ती स्टँडवर जाऊन घ्यायची. बसस्टँडच्या फलाटावर उभी राहून मी शाळेचा विचार करणं हळूहळू सोडून दिलं. सोडून दिल्यावर थोडं बरं वाटलं, हेही लिहायला हवं. थकलेल्या माणसाला एक गोष्ट कमी झाली तरी बरं वाटतं.

तिसऱ्या रविवारी माळी सर आले. हातात पलूसचा गूळ आणि काखेत वही. स्टुलावर बसून त्यांनी आधी पाच मिनिटं दम घेतला आणि मग काही न विचारता म्हणाले, "तर, आपण चंद्रापाशी होतो." त्यानंतर ते जवळजवळ प्रत्येक रविवारी येत राहिले. शेजारच्या पलंगावरचे रुग्णही ऐकायचे. सरांनी सांगितलं, इंग्लंडात साथ आली, कॉलेजं बंद झाली, तेव्हा एक पोरगा गावी जाऊन बसला. त्याला प्रश्न पडला की फळाला खाली ओढणारा जोर चंद्रापर्यंत पोचत असेल का. त्याच्याआधी एका जर्मन माणसानं, दुसऱ्यानं वीस वर्षं टिपून ठेवलेल्या ग्रहांच्या जागा घेऊन, मंगळाची वाट अंड्यासारखी लांबट आहे हे शोधलं होतं. पण तशी का, ते त्याला सांगता येईना. ह्या पोरानं सांगितलं. चंद्र पडतोच आहे. पण पडता पडता पुढंही चाललाय, म्हणून पृथ्वी चुकते.

तात्या छताकडं बघत ऐकत होता. "म्हंजी पडतच ऱ्हायाचं आन् कुटं लागायचं न्हाई," तो म्हणाला. "बरं हाय की त्याचं."

सर सांगत गेले. त्या माणसानं आपलं गणित जवळजवळ वीस वर्षं कुणाला दाखवलं नाही. एका मित्रानं येऊन विचारलं तेव्हा कुठं ग्रंथ झाला, आणि होताक्षणी दुसरा एक जण म्हणाला, ही कल्पना माझी. पुढं शंभरेक वर्षांनी एका लाजाळू माणसानं खोलीत तारेला दोन शिशाचे गोळे टांगले, शेजारी दोन मोठे गोळे ठेवले, आणि आपल्या श्वासानंसुद्धा हवा हलू नये म्हणून खोलीच्या बाहेरून दुर्बिणीतून बघत बसला. तार केसाएवढी वळली. तेवढ्यावरून पृथ्वीचं वजन निघालं. मग एक ग्रह वाट सोडून चालतोय म्हणून कुणी कागदावर गणित केलं, पलीकडं दुसरा ग्रह असणार म्हणाला, आणि तो तिथंच सापडला. लोकांना वाटलं, झालं, सगळं कळलं. पण बुधाचं गणित थोडं चुकत होतं, अगदी थोडं. तिथंही कुणी नवा ग्रह शोधला, नव्हताच. सर म्हणाले, "साठ वर्षं ती चूक तशीच पडून होती."

त्या रविवारी सर थकले होते, लवकर उठले. ते गेल्यावर वॉर्डात दुपारची सामसूम झाली. मी तात्याच्या विटांकडं बघत बसले होते आणि तोंडातून निघून गेलं, "तात्या, मी सोल नेला नसता तर?"

त्यानं पायाच्या दोरीकडं बघितलं. मग म्हणाला, "नवा सोल असता तर तुटला नसता. ते खरं हाय." तो म्हणेल, न्हाई गं पोरी, तुजं काय न्हाई त्यात, अशी मला आशा होती. "पर सोल चढवायच्या आदी मी रोज हातानं बघतूय, कुटं कुजलाय का. त्या दिशी न्हाई बघितला. लगीन डोक्यात हुतं. तुजी चूक हाय तेवढी तुजी, माजी हाय तेवढी माजी. आता पानी दे."

आजही मला वाटतं, त्यानं खोटं बोलून मला सोडवलं असतं तर मी सुटले नसते.

पुढच्या रविवारी सरांनी शेवटचा भाग सांगितला. स्वित्झर्लंडात एक कारकून होता. एक दिवस कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असताना, स्वतःचं वजन जाणवत नसणार. एवढाच विचार. त्यावर आठ वर्षं खपून त्यानं सगळं नव्यानं मांडलं: ओढ वगैरे नाही, जड वस्तूपाशी जागा आणि वेळच वाकतात, आणि आपण त्या वाकलेल्या वाटेनं जातो. बुधाचं गणित त्यामुळं बरोबर जुळलं.

तात्यानं मान वळवली. "आवं सर, खरं हाय ते."

"काय खरं हाय?"

"वजन नसतंय. सोल तुटला तवा मला कळलं की आपुन पडतूय. पर अंग न्हवतंच. खांद्यावर आयुष्यभर डोल वडलेला, तो भार बी न्हाई. लय हलकं वाटलं. पोटात बी कायतरी वर आलं, पर भ्या न्हाई वाटलं. मग खाली आलो तवा समदं वजन येकदम आलं." त्यानं सरांकडं बघितलं. "त्यानं खुर्चीत बसून वळीखलं? कुनी पडलेला मानूस इचारला न्हाई?"

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला. मग तात्याच्या पलंगावर हात ठेवून म्हणाले, "मी बावीस वर्षं हे शिकवतोय, तात्या. मला आज कळलं." आणि खोकत बाहेर निघून गेले.

परवा माझ्या भाच्यानं फोनवर वाचून दाखवलं, कुठं तरी दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळली, त्याचा हेलकावा इथं पोचला आणि माणसांनी तो मोजला. त्या कारकुनाचंच गणित, शंभर वर्षांनी. तो उत्साहानं सांगत होता. मी हो हो म्हणत राहिले. मला दवाखान्यात पडून वाढलेली तात्याची दाढी आठवत होती, आणि ती आठवण कुणाला सांगायची म्हटली की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला दादा मुंबईहून आले. चार दिवसांची रजा, प्रवासानं काळवंडलेले. तात्याचा पाय दोन बोटं आखूड झाला होता. म्हसवडकडच्यांनी आधीच निरोप धाडला होता की आमची मुलगी आम्ही दुसरीकडं देतोय. दादा पलंगाच्या कडेला बसले. "आता हा कामाचा राह्यला न्हाई. पोरीची शाळा बास झाली. मेंढरं बघंल, पुढच्या साली लगीन करू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मी चटईची घडी घालत राहिले.

तात्या उठून बसायला गेला, जमलं नाही, तसाच कोपरावर टेकून बोलला. "दादा, मेंढरं मी बघतो. मेंढरामागं लंगडा बी चालतोय. पर हिला शाळंतनं काडलं तर माजा पाय फुकट गेला. सोल शाळंसाठी दिला हुता मी."

सोल शाळेसाठी दिला होता, हे घरात पहिल्यांदा कुणी तोंडानं बोललं. दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ही गोष्ट माहीतच नव्हती. आईनं कळवलेली नव्हती. ते उठले, खिडकीपाशी गेले, अजिंक्यताऱ्याकडं पाठ करून उभ्या असलेल्या नर्सशी उगाच काहीतरी बोलले, परत आले. "मॅट्रिक होऊ दे," म्हणाले. "मग बघू."

मी मॅट्रिक झाले. दादांचं ते "मग बघू" माळी सरांनी घरी दोन चकरा मारून सोडवलं आणि सांगलीला वसतिगृहात माझी सोय केली. जूनमध्ये तात्या काठी टेकत मला एसटीपर्यंत सोडायला आला. वाटेत चार वेळा बसला. गाडीत चढताना एवढंच म्हणाला, "सांगलीची नदी बारमाही हाय म्हनं. केवढं पानी हाय ते बघ आन् मला कळीव."

पहिल्याच संध्याकाळी मी घाटावर गेले. कृष्णा दोन्ही काठ भरून शांत वाहत होती आणि तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं. बायका धुणं आपटत होत्या, म्हशी डुंबत होत्या. मला कितीतरी वेळ उठवेना. माणची माणसं खडक फोडत सात-सात, नऊ-नऊ पुरुष खाली जातात, आणि इथं ते असं उघड्यावर पडलेलं. खोलीवर येऊन पोस्टकार्ड घेतलं. नदी केवढी आहे ते लिहायला गेले, तीन वेळा खोडलं. शेवटी एकच ओळ लिहिली: तात्या, इथं विहिरी कुणी खोदत नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. अक्षर माळी सरांचं, वाक्य तात्याचं: "मग तितली मानसं दिसभर करत्यात तरी काय?"

मी ते वाचून हसले, आणि हसता हसता त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं रडले. खोलीतल्या मुली धावत आल्या, काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मी म्हटलं, काही नाही, घरचं पत्र आहे.